सहा वेळा पडलेले आमचे अध्यक्ष

सर,

तुमची शोकसभा छान झाली. तुम्हाला ती आवडली असती, कारण तिच्यात एक चूक झाली. संघटनेच्या सभेत चूक झाली की तुम्ही मागच्या रांगेत बसून कसे मिशीतल्या मिशीत हसायचात, ते सगळ्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांना ठाऊक आहे.

झालं असं. तुमच्या तेराव्यानंतरचा रविवार होता. अध्यक्ष तुमच्याविषयी चार शब्द बोलले, सगळ्यांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळली आणि आपल्या सचिवांनी शोकप्रस्ताव वाचायला घेतला. वाचून झाल्यावर इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कुणाचा विरोध आहे का? नाही. ठराव बिनविरोध मंजूर." पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी तर टाळ्याही वाजवल्या. आपण काय बोलून बसलो हे लक्षात आल्यावर सचिवांनी कागद तोंडासमोर धरला, तो बराच वेळ खाली आणलाच नाही.

माझ्या शेजारी वत्सलाकाकू बसल्या होत्या. नवरा जाऊन दोन आठवडे झालेली बाई, तिला हे ऐकून काय वाटेल, म्हणून माझा जीव वर-खाली. काकू माझ्या कानाशी आल्या. "काय म्हणले ते? बिनविरोध?"

"हो काकू. सवयीनं बोलून गेले."

"बघा. जिवंत होते तवर त्यायनी सोताच्या नावाला कधी बिनविरोध होऊ दिलं न्हाई. शेवटी केलंच ह्या लोकांनी."

आणि सर, आम्ही दोघी हसलो. रडता रडता हसलो, खांदे हलवत. मागच्यांना वाटलं, बायकांना आवरत नाही. एक जण पाण्याचा ग्लास घेऊन आला.

आता शनिवारची संध्याकाळ आहे. दवाखान्यातले शेवटचे पेशंट गेलेत आणि मी तुम्हाला लिहायला बसलेय. आजची तारीख तुम्ही तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवली होती, म्हणजे तुमच्या लक्षात असणार. जिल्हा शाखेच्या अध्यक्षपदाचा अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस, पाच वाजेपर्यंत. तो अर्ज इतके दिवस माझ्या टेबलावर बीपीच्या यंत्राखाली पडून होता. त्यावर माझं नाव तुम्ही तुमच्या हातानं लिहिलंय, म्हणजे ते माझंच नाव आहे यावर विश्वास ठेवावा लागतो. 'सूचक' या शब्दापुढची जागा मात्र कोरी होती. "सही शुक्रवारी करतो, जरा चांगला पेन घेऊन येतो," म्हणालात. गुरुवारी सकाळी, समोरचा चहा गार व्हायच्या आत, तुम्ही गेलात. आयुष्यभर औषध कंपन्यांच्या फुकटच्या पेनांनी लिहिलंत तुम्ही, सर. त्याच आठवड्यात कुठून चांगला पेन हवा झाला तुम्हाला? अजून राग येतो मला त्या पेनाचा.

शोकसभेत सगळे तुमच्या सेवेवर बोलले. वारंगा फाट्यावरचा दवाखाना, हायवेवरचे अपघात, अडल्यानडल्या पेशंटला स्वतःच्या जीपमधून नेणं, सगळं बोलले. निवडणुकांचं नाव कुणी काढलं नाही. गेलेल्या माणसाच्या पराभवाविषयी बोलू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. मला ती पटली नाही. तुम्ही सहा वेळा अध्यक्षपदाला उभे राहिलात आणि सहाही वेळा पडलात, यात लपवण्यासारखं काय आहे? तुम्ही तर ते दवाखान्याच्या पाटीवर डिग्रीखाली लिहायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. म्हणून तुमचीच गोष्ट तुम्हाला सांगते. चुकलं तर मिशीतल्या मिशीत हसा.

आपली ओळख पोळ्याच्या दिवशी झाली. मी कळमनुरीत दवाखाना टाकून जेमतेम तीन महिने झाले होते. दुपारी एक जीप दारात थांबली. आतून आधी सलाईनची बाटली उंच धरलेला एक हात बाहेर आला आणि त्याच्यामागून तुम्ही. कपाळावर बैलांच्या पूजेचं कुंकू, झब्ब्याची बाही रक्तानं भरलेली. जीपमध्ये अडलेली बाळंतीण होती, पोर आडवं आलेलं. मी विचारलं, "तुम्ही कोण?" तर म्हणालात, "मी बाटली धरणारा. डॉक्टर तुमी."

सीझर करायला मी होते, नर्स होती, टेबल होतं. भूल द्यायला माणूस नव्हता. तालुक्यातला एकुलता एक भूलतज्ज्ञ सणाला गावी गेलेला, हिंगोलीतले फोन उचलेनात. तुम्ही माझ्या बाहेरच्या बाकावर बसून फोन लावत सुटलात. शेवटी आखाडा बाळापुरात सासुरवाडीला जेवायला बसलेला एक भूलतज्ज्ञ तुम्हाला सापडला. बिचारा पुरणपोळीच्या ताटावरून उठून आला, हाताला तुपाचा वास तसाच. बाई वाचली. मुलगी झाली, चांगली ठणठणीत, आणि रडण्याचा आवाज असा की रस्त्यावरचे बैल बुजावेत.

मी घाम पुसत बाहेर आले तर तुम्ही माझ्याच नव्या कोऱ्या लेटरपॅडवर रेघा मारत बसला होतात. एका बाजूला सण, दुसऱ्या बाजूला जिल्ह्यातल्या भूलतज्ज्ञांची नावं.

"पोळा, दिवाळी, ईद, पाडवा," तुम्ही म्हणालात. "एका सणाला एकानं थांबायचं. बाकीच्यायनी खुशाल गावाला जावं. सोपं हाये का न्हाई?"

"मग करा की लागू."

"माझं कोण ऐकून राहिलं, डॉक्टरीणबाई? फाट्यावरचा साधा डॉक्टर मी. ह्याच्यावर अध्यक्षाची सही लागते."

त्या दिवसापासून मी तुमच्यासाठी डॉक्टरीणबाई झाले, पुढं नुसती सुजाता, आणि तो कागद 'सणाची पाळी' या नावानं तुमच्या भिंतीला चिकटला. एका सभेत तुम्ही उभं राहून "पाळीचं काय झालं?" असं खडसावून विचारलं, तेव्हा सगळी तरुण मंडळी माझ्याकडे बघायला लागली. मी स्त्रीरोगतज्ज्ञ. मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं.

आपल्या संघटनेत बिनविरोध हा शब्द पंगतीतल्या मिठासारखा सगळ्यात आधी वाढतात. निवडणूक जाहीर व्हायच्या आधी औंढ्याच्या रस्त्यावर कुणाच्या तरी शेतात हुरडा होतो. कणसं भाजेपर्यंत नाव निघतं, चटणी संपेपर्यंत सगळ्यांचा होकार झालेला असतो. मग गोडगोड भाषणं. आणि तेवढ्यात तुम्ही धोतराला हात पुसावेत तसे रुमालाला हात पुसत उठायचात आणि म्हणायचात, "मी बी अर्ज भरून राहिलो." लोकांचा घास तोंडात अडकायचा.

पहिल्यांदा मीही वैतागले होते. म्हटलं, सर, निवडून यायचं नाही हे माहीत असताना कशाला? तुम्ही म्हणालात, "बिनविरोध म्हंजे नाडी न बघता लिहिलेली गोळी. लागू पडली तर पडली. अन् मी उभा राहिलो की त्यांना मत मागायला फाट्यावर यावं लागते, सेनगावला जावं लागते, जवळा बाजारला जावं लागते. आले की मी चहा पाजतो आणि भिंतीवरचा कागद दाखवतो. हे सारं व्हायला मी एकटा उभा राहिलो तरी बास. बिनविरोध मोडायला एक माणूस पुरतो."

प्रत्येक उमेदवारानं तुमचा चहा घेतला, कागद बघितला आणि "करू, सर, नक्की करू" म्हटलं. निवडून आल्यावर तो विषय पुढच्या मीटिंगला गेला. मग त्याच्या पुढच्या. आणि दोन वर्षांनी तुम्ही परत उभे.

तुमच्या प्रचाराची पद्धत मात्र देवानंच बघावी. ग्रुपवर मेसेज टाकायचा सोडून तुम्ही प्रत्येक मतदाराला स्वतःच्या हातानं पत्र लिहायचात, तेही औषधाच्या चिठ्ठीवर. जवळा बाजारच्या एका डॉक्टरांना ते काही केल्या लागेना. त्यांनी बाजाराच्या दिवशी ते शेजारच्या मेडिकलवाल्याला दाखवलं. त्यानं चष्मा न लावता घडाघडा वाचलं आणि म्हणाला, "साहेब, याच्यात औषध न्हाई. हे तर मत मागून राहिले." ही गोष्ट तुम्हीच मला सांगितलीत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत. वर म्हणालात, मेडिकलवाल्यांना मताचा अधिकार असता तर मी कधीच अध्यक्ष झालो असतो.

निकालाच्या दिवशी तुम्ही घरून झेंडूचा हार घेऊन यायचात. विचारलं तर म्हणायचात, "हार तर ठरलेलीच हाये. कुणाच्या गळ्यात घालायची तेवढंच बघायचं." आणि ज्यानं तुम्हाला पाडलं त्याच्या गळ्यात सगळ्यात पहिला हार तुमचा. सहापैकी चार वेळा तो रमाकांत सरांच्या गळ्यात पडला. हिंगोलीतले मोठे सर्जन, तुमचे कॉलेजातले मित्र आणि तुमचे कायमचे प्रतिस्पर्धी. एका निवडणुकीच्या ऐन आठवड्यात तुमचं अपेंडिक्स फुगलं आणि तुम्ही ऑपरेशनला गेलात ते नेमके त्यांच्याकडेच. भूल चढायच्या आधी त्यांना म्हणालात, "रम्या, मत तुलाच देतो, फक्त नीट शीव." त्यांनी नीट शिवलं. तुम्ही मत दिलं नाहीत.

सातव्या वेळी तुम्ही स्वतः उभे राहिला नाहीत. मला उभं केलंत. त्यावर आपलं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही, सर, वरवर मिटलं होतं तरी. आज तेच बोलायचंय.

दोन वर्षांपूर्वीचा तो हुरडा. माझा अर्ज भरलेला होता. शेकोटीजवळ मोठी मोठी माणसं माझ्याभोवती बसली. इतक्या प्रेमानं बोलत होती की काय सांगू. "मॅडम, निवडणुकीच्या चिखलात कशाला उतरता? उपाध्यक्ष व्हा. महिला प्रतिनिधी पण होईल. बिनविरोध." कणसाची राख हाताला लागलेली होती, तशाच हातानं मी माघारीच्या कागदावर सही केली. त्या कागदावर माझ्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला. तुम्ही पलीकडे विहिरीजवळ उभे होतात. मी तुम्हाला विचारलंही नाही.

नंतर मी तुम्हाला कारणं सांगितली. जिल्हा लहान आहे, सगळ्यांचे पेशंट सगळ्यांकडे जातात, कशाला कटुता. पुसेगावच्या आमच्या वस्तीतली मी पहिली डॉक्टर, एवढी मंडळी मान देऊन बोलतायत तर नाही कसं म्हणायचं. ती सगळी कारणं खरी होती आणि त्यातलं एकही खरं कारण नव्हतं. खरं कारण मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आज सांगते. मला पडायची भीती वाटली. पहिलीपासून एमडीपर्यंत मी एकदाही नापास झाले नव्हते. सगळ्या जिल्ह्यासमोर नापास व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच लोकांना तोंड दाखवायचं, ही कल्पनाच मला सोसली नाही.

दीड महिना तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. पेशंट मात्र पाठवत राहिलात, कारण पेशंटची त्यात चूक नव्हती. पण चिठ्ठ्या! आधी "सुजाता, ही बाई बघ" एवढंच असायचं. आता वर लिहिलेलं असे, "माननीय उपाध्यक्ष मॅडम यांच्या सेवेशी सविनय सादर. आपल्या रांगोळी स्पर्धेच्या व्यापातून सवड काढून सोबतच्या पेशंटला तपासावे, ही नम्र विनंती." आणि हे सगळं आयुष्यात पहिल्यांदा सुवाच्य अक्षरात. मला कळावं म्हणून मुद्दाम गिरवून लिहिलेलं. मी त्या चिठ्ठ्या फाडल्या नाहीत. माझ्या टेबलाच्या खणात आहेत अजून.

आणि तुमचं खरंच होतं. दोन वर्षांत मी काय केलं? रांगोळी स्पर्धा घेतल्या, पाहुण्यांच्या स्वागताला तबक धरलं, शाली कुणाला कुठल्या रंगाच्या गेल्या ते लक्षात ठेवलं. सणाच्या पाळीचा विषय तीनदा काढला, तीनदा "मॅडम, पुढच्या मीटिंगला" झालं.

तर त्या दीड महिन्याच्या अबोल्यानंतर शेवटी मीच फाट्यावर आले होते. तुम्ही पेशंट तपासत होतात, मला बाकावर नंबरानं बसवलंत. नंबर आल्यावर विचारलंत, "काय तकलीफ?" मी म्हटलं, "सर, तुम्ही बोलत नाही, ही तकलीफ." तुम्ही स्टेथोस्कोप काढून ठेवला, चहा सांगितलात, आणि मी मूर्खासारखी पुन्हा भांडले. म्हटलं, "सहा वेळा पडून तुम्ही तरी काय मिळवलंत?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता. तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही बशीत चहा ओतलात, फुंकलात आणि म्हणालात, "पडायची सवय मिळवली. तुला तेवढीच न्हाई, बाकी सारं हाये."

यंदा तुम्ही अर्ज घेऊन आलात, माझं नाव लिहिलंत, म्हणालात, "ह्या वक्ताला सूचक मी. आता माघार घ्यायची आसंल तर मला विचारून घ्यायची." मी हसून हो म्हटलं. आणि विचारायची वेळ आली तेव्हा तुम्ही नाही.

वेळ आली ती मंगळवारी. दुपारची ओपीडी संपत असताना सतीश आला. लहान मुलांचा डॉक्टर, स्वभावानं सरळ, यंदाचा दुसरा उमेदवार. खुर्चीच्या टोकावर बसला आणि फार जपून म्हणाला, "मॅडम, सर जाऊन इतके कमी दिवस झाले. यंदा हुरडा पण आपण रद्द केला. अशात निवडणुकीचा गोंधळ बरा दिसत न्हाई. सगळ्यांचं म्हणणं पडलं, सरांना श्रद्धांजली म्हणून यंदा बिनविरोध करू. क्रिकेटच्या चषकाला सरांचं नाव देऊ."

सर, मी खो-खो हसत सुटले. तुम्हाला श्रद्धांजली म्हणून बिनविरोध! सतीश घाबरला. त्याला वाटलं, मॅडमचं काही तरी बिनसलं. नर्सला पाणी आणायला सांगून तो माझ्याकडे तपासणीच्या नजरेनं बघत बसला.

पण हसून झाल्यावर मी काय म्हटलं माहीत आहे? "विचार करते." सतीश गेल्यावर मला माझीच लाज वाटली, आणि तरी मी दोन दिवस खरोखर विचार करत होते. सूचक नाही, सर नाहीत, लोक म्हणतील मॅडमना महिना व्हायच्या आत खुर्ची हवी. कारणं परत एकेक करून येऊन माझ्याभोवती बसली, हुरड्याला बसली होती तशीच. खरं कारण तेव्हाचंच होतं, पडायची भीती.

गुरुवारी काकू आल्या. हातात घडी घातलेला एक कागद. "दवाखाना आवरून राहिले," म्हणाल्या. "भिंतीवर हे होतं. वरती तुमचं नाव छापेल हाये, म्हणून आणलं." माझं अठरा वर्षांपूर्वीचं लेटरपॅड. कडा चिकटपट्टीनं तपकिरी झालेल्या. एका भूलतज्ज्ञाची बदली झाली, एक वारले, तीन नवीन आले; तुम्ही दरवेळी खोडून नवीन नाव लिहीत गेलात. गेल्या पोळ्याच्या पुढेही नाव होतं. कुणी लागू न केलेली पाळी तुम्ही अठरा वर्षं चालू ठेवली होती.

"तुमी उभ्या राहणार ना?" काकूंनी विचारलं.

"काकू, अर्जावर सरांची सही राहिली. सूचक लागतो."

"मी करते सही."

"डॉक्टर लागतो काकू. संघटनेचा सभासद."

"चाळीस वर्षं त्यांचं अक्षर वाचलं मी. आनिक काय डॉक्टरकी असते?"

मी हसले. मग का कोण जाणे, मी त्यांना विचारलं, की पडल्यावर सर कधी घरी येऊन रडले का. "पडल्यावर? न्हाई बा. पडून आले की भजे करायला लावायचे. एकदाच डोळ्याला पाणी आलतं. तुमी माघार घेतली त्या दिवशी. मी म्हणलं, काहून एवढं मनाला लावून घेता, तिची चूक. तर म्हणले, तिची चूक न्हाई. मी तिला सारं सांगितलं, पडायचं कसं तेवढं शिकवायचं राहून गेलं."

काकू गेल्यावर मी तो कागद दाराला लावला, आत येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. आणि दाराकडे तोंड करून मनसोक्त रडले.

मग आज. अनुमोदकाची सही आधीच होती, पुरणपोळीवरून उठून आलेल्या त्याच भूलतज्ज्ञाची. सूचक शोधायला दुपारी हिंगोलीला गेले. पहिले डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते आणि ते ऑपरेशन काही संपेना. दुसऱ्यांनी फोनवर "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही" केलं, आवाज चांगला येत असताना. तिसरे दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "मॅडम, मनातून मी तुमच्याच बाजूनं. सही तेवढी नको." साडेचार वाजता मी संघटनेच्या हॉलच्या पायरीवर अर्ज मांडीवर घेऊन बसले होते. परीक्षेचा हॉल बंद झालेल्या पोरीसारखी.

आतून रमाकांत सर आले. सतीश त्यांचा विद्यार्थी, त्यामुळे त्यांच्याकडे जायचा विचारही मी केला नव्हता. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि अर्ज माझ्या हातातून घेतला. माझ्या नावावर बोट ठेवलं.

"हे अक्षर मुरल्याचं," म्हणाले.

"हो सर. सही राहिली त्यांची."

त्यांनी खिसे चाचपले, पेन काढला, भिंतीवर अर्ज धरून सही केली. ते म्हणाले, "मी पाच वेळा अध्यक्ष झालो. चारदा हा माझ्याविरुद्ध होता. पाचव्यांदा त्याच्या पोरीचं लग्न निघालं म्हणून मी बिनविरोध झालो. त्या वर्षी मला कुणी निवडून दिलं न्हाई, नुसतं बसवलं. चारदा निवडून आलो ते त्याच्यामुळं." पेनाचं टोपण लावत पुढे म्हणाले, "मत मात्र मी सतीशला देणार. तो माझा पोरगा हाये. सही तुला, मत त्याला. चालंल?"

"चालेल सर," मी म्हटलं. "आमच्या सरांनी पण तुम्हाला असंच फसवलं होतं."

ते इतके मोठ्यानं हसले की वरच्या मजल्यावरून सचिव खाली डोकावले.

पाचला दहा मिनिटं कमी असताना मी अर्ज दिला. सचिवांनी घड्याळ पाहिलं, अर्ज पाहिला, सूचकाची सही पाहिली आणि पुन्हा घड्याळ पाहिलं. मग शिक्का मारला. "म्हणजे यंदा निवडणूक?" म्हणाले. "मतपेटी शोधावी लागेल." ती मला ठाऊक होती. मीच तिच्यात रांगोळीचे डबे भरून ठेवले होते. दोघांनी मिळून ती रिकामी केली. माझे हात गुलाबी झाले, त्यांचा शर्ट पिवळा.

मी पडेन, सर. बहुतेक पडेन. मी मनातल्या मनात मोजून पाहिलंय, आणि मोजून झाल्यावरही माघारीचं कारण शोधलं नाही. उद्यापासून मत मागायला निघायचंय. सेनगावपासून सुरुवात करते. तुमच्या कागदाच्या प्रती काढल्यात. प्रत्येकाच्या हातात देणार, आणि सतीशलाही प्रत्येक दारी त्यावर उत्तर द्यावं लागणार. हार मी घरून नेईन. कुणाच्या गळ्यात घालायची तेवढंच बघायचं.

आता एकच राहिलं. मी निघताना सचिवांनी शोकसभेचं इतिवृत्त सहीसाठी माझ्यापुढे सरकवलं. उपाध्यक्षाचीही सही लागते त्यावर. खाली लिहिलं होतं, 'ठराव बिनविरोध मंजूर.' ते ओशाळून म्हणाले, "मॅडम, चुकून पडलं ते. खोडून सर्वानुमते करतो."

मी म्हटलं, थांबा. आणि समासात लिहिलं, 'मुरलीधर सर गेले, याला माझा विरोध आहे.' अक्षर सुवाच्य काढलं, गिरवून. खाली सही केली.

सचिवांनी वही स्वतःकडे वळवून ते वाचलं. मग हळूच म्हणाले, "मॅडम, तुमच्या एकटीच्या विरोधानं काय होणार?"

"एक पुरतो," मी म्हटलं.